सुमेधा सध्या एकाला जोडलेली आहे

काचीगुडा, हैदराबाद
शुक्रवार, सकाळच्या चहानंतर

ती. गंगूआक्कास, धाकट्या श्रीपतीचा मनापासून जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग, आणि ऐकू गेला नाही तर परत सांग.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझा डावा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला मी दिलेलं तेल लावतेस की शेजारणीला देऊन टाकलंस? दाजींची शुगर आता कितीवर आली? ते रोज सकाळी फिरायला जातात म्हणे, पण फिरतात की टपरीवर जाऊन बसतात ते एकदा मागून जाऊन बघ. (तंबाखूचं विचारत नाही. विचारलं की तू त्यांची बाजू घेतेस आणि आपल्या दोघांत उगंच वाकडं येतं.) विठाबाईचाही तुला जय भीम. तिची पाठ बरी आहे. बोलते, पण माझ्याशी फक्त गॅस, दूध आणि दाराची कडी एवढ्याच विषयांवर बोलते.

हातात फोन असताना श्रीपती पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. आक्का, फोनवर तू भाजी निवडत ‘हं, हं’ करतेस आणि शेवटी ‘बरं, ठेवू का?’ म्हणतेस. मला जे सांगायचंय ते ‘हं’मध्ये मावणारं नाही. (शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागून सुमेधाचा आवाज आला असता तर मला पुढचं बोलता आलं नसतं.) तर मुद्द्यावर येतो. सुमेधा गेले दहा दिवस तुझ्याकडे नांदेडला आहे, आणि मेळाव्यात काय झालं ते तिनं तुला तिच्या बाजूनं सांगितलं असणारच. आज बारा दिवस झाले, पोरगी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मंगळवारी तिची रजा संपते. बुधवारी हिमायतनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिची ड्यूटी आहे. आणि परत आल्यावर घरी न येता दिलसुखनगरला मैत्रिणीच्या खोलीवर राहणार असं तिनं कळवलंय. तेही मला नाही, आईला. काचीगुड्याच्या घरात स्वतःची खिडकीवाली खोली असताना! म्हणून खरं काय घडलं ते तुला एकदा नीट माहीत असावं.

आता आधी हे समजून घे की तुझा भाऊ टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबल जॉइंटर होता. हे तुला माहीत आहे, पण जॉइंटर म्हणजे काय हे आपल्या घराण्यात कुणालाच कधी नीट कळलेलं नाही. दाजी तर अजून मला ‘वायरमन’ म्हणतात. अगं, बाराशे पेअरची केबल म्हणजे चोवीसशे तारा. त्या रस्त्याखालच्या खड्ड्यात बसून एकेक जोडायच्या. निळी-पांढरी, केशरी-पांढरी, हिरवी-पांढरी. एक पेअर चुकली की नारायणगुड्याच्या वकिलाचा फोन काचीगुड्याच्या सुईणीकडे लागायचा. माझ्या हातून चौतीस वर्षांत तीन पेअर चुकल्या, त्यातल्या दोन पावसामुळं. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, रेकॉर्ड म्हणून सांगतो.

तर आपल्या मंडळाचा हॉल तू पाहिलायस. इमारतीच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरात आहे, वर टिफिन सेंटर आणि समोर बसस्टॉप. सेलरमध्ये मोबाईलला रेंज येत नाही. मागच्या वर्षीच्या वधू-वर परिचय मेळाव्यात लोक फोनवर प्रोफाइल बघायला म्हणून जिना चढून वर गेले आणि इडली खाऊन परस्पर घरी गेले. स्टेजवर मुलं-मुली आणि समोर रिकाम्या खुर्च्या. म्हणून यंदा आमचे अध्यक्ष हिम्मतराव यांनी कुठल्याशा कंपनीच्या जुन्या सामानातून एक डबा आणला. जेवणाच्या डब्याएवढाच, वर निळा दिवा. त्याचं काम असं, की डबा लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपमध्ये सगळ्या मुलामुलींची माहिती भरून ठेवायची, आणि हॉलमधल्या लोकांनी आपल्या फोनचं ब्लूटूथ चालू करून त्या डब्याशी पेअर करायचं. की माहिती फोनवर हजर. रेंज नको, जिना नको, इडली नको. फक्त डब्याची सेटिंग कुणीतरी करायला हवी होती. मंडळात नऊ इंजिनियर आहेत. नऊच्या नऊ जणांनी डबा उलटा-सुलटा करून ‘अंकल, ये बहुत पुराना है, फेंको’ म्हणून हात झटकले. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, पेअर म्हणजे काय हे मला शिकवू नका, डबा इकडे आणा. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. हिम्मतरावांचा तर चष्मा नाकावर आला.

शनिवारी मी सकाळीच हॉलवर गेलो. सोबत मेळाव्याच्या एकेचाळीस अर्जांची फाइल होती, कारण गेली अकरा वर्षं मंडळात प्रोफाइल लिहायचं काम माझ्याकडेच आहे. आपल्यात पत्रिका नाही, गुण जुळवणं नाही, त्यामुळं सगळी भिस्त प्रोफाइलवर. माझ्या हातचं प्रोफाइल असलं की समोरची पार्टी निदान चहाला तरी येते, असं लोक म्हणतात. (सुमेधाचा अर्ज त्या फाइलमध्ये नव्हता. ‘बाबा, मेळाव्यात मेरा नाम नक्को डालो’ असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. खरं सांगायचं तर तीनदा. तिसऱ्यांदा हात जोडून.)

लॅपटॉपवर डब्याचं पान उघडलं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: नेटवर्क प्रोफाइल तयार करा, प्रोफाइलशिवाय कोणालाही जोडता येणार नाही. आक्का, तूच सांग, अकरा वर्षं प्रोफाइल लिहिणाऱ्या माणसानं ह्याचा अर्थ काय घ्यायचा? प्रोफाइलशिवाय जोडता येत नाही, हे तर मी प्रत्येक मुलाच्या बापाला सांगत आलोय. आणि नेटवर्क म्हणशील तर हिम्मतराव प्रत्येक भाषणात ‘नातेवाइकांचं नेटवर्क वाढलं पाहिजे’ म्हणून टेबलावर हात आपटतात. आता मला कळलंय की डब्याच्या भाषेत प्रोफाइल म्हणजे त्या जोडणीचं नाव आणि नियम, माणसाचा त्यात काही संबंध नाही. पण तिथं ‘नाव’ असा रकाना होता, त्याखाली ‘वर्णन’ असा रकाना होता. नाव आणि वर्णन! ह्याला प्रोफाइल नाही तर काय म्हणतात?

डबा चालतो की नाही ते बघायला एक नाव टाकणं भाग होतं. फाइलमध्ये एकेचाळीस जणांची नावं होती, पण परक्याच्या लेकीचं नाव ट्रायलला वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू? म्हणून मी आपल्या घरचं नाव टाकलं. सुमेधा, वय अठ्ठावीस, उंची पाच-तीन, ऑप्टोमेट्रिस्ट, स्वभाव शांत. (परक्याच्या लेकीसाठी मला भीती वाटली आणि स्वतःच्या लेकीसाठी वाटली नाही. का वाटली नाही, ह्याचं उत्तर मी बारा दिवस शोधतोय. आणि स्वभाव शांत असं मी लिहिलं खरं, पण घरात सगळं मीच बोलतो, तर ती शांत नसेल तर काय करेल?)

पुढची सेटिंग तर मी अशी केली की इंजिनियरनं तोंडात बोट घालावं. ‘हा डबा कुणाला दिसावा?’ असं विचारलं होतं. सगळ्यांना की ठरावीक लोकांना? मेळावा जाहीर आहे, आपण काही चोरून करत नाही, मी लिहिलं सगळ्यांना. ‘किती वेळ दिसावा?’ कायम. पिन ठेवायचा का? नाही. आपल्या माणसांना आजवर फार दारांत ‘तू कोण’ म्हणून विचारलं गेलंय, आपल्या हॉलच्या दारात तरी कुणी विचारू नये. त्यानंतर आला एक असा रकाना की माझं डोकंच फिरलं. एक यंत्र मास्टर आणि दुसरं स्लेव्ह, निवडा म्हणे! बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी कुणाच्या नावापुढं गुलाम लिहू? मी दोन्हीकडे मास्टर लिहिलं. पान पुढं जाईना. मीही मागं हटेना. अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी खाली एक बारीक अक्षरात ‘आपोआप’ असा पर्याय सापडला, तो निवडला, आणि यंत्रानं मुकाट्यानं ऐकलं. मी नसतो तर त्या रकान्यात काय भरलं गेलं असतं, विचार कर.

सगळ्यात शेवटी विचारलं होतं, एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या. आधीपासून तिथं सात लिहिलेलं होतं. आक्का, माझ्या अंगावर काटा आला. वर माझ्या मुलीचं नाव, आणि खाली एका वेळी सात जोडण्या! मी तो सात खोडून तिथं एक लिहिला. मग खात्री करायला माझ्या फोनवरून पेअर करून पाहिलं. ‘सुमेधाशी जोडले’ असं आलं, निळा दिवा स्थिर झाला, आणि मी विजयी मुद्रेनं लॅपटॉप न मिटता, चार्जर लावून, डब्यासकट तसाच कपाटात ठेवून कुलूप लावलं. इथपर्यंत कुठं काही चुकलं का?

रविवारी हॉल गच्च भरला. एकशे साठ माणसं, वर लहान पोरं वेगळी. माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, आणि तिच्यावर पांढरा टॉवेल टाकला होता. हिम्मतरावांच्या खुर्चीवरसुद्धा टॉवेल नव्हता. दीपप्रज्वलन, त्रिशरण-पंचशील झालं आणि हिम्मतरावांनी सगळ्यांना फोनचं ब्लूटूथ चालू करायला सांगितलं. एकशे साठ फोनवर एकच नाव आलं. सुमेधा, अठ्ठावीस, ऑप्टोमेट्रिस्ट, पेअर करायचं? सगळ्यांनी ‘होय’ दाबलं. आजोबांनी दाबलं, सुनांनी दाबलं, भन्ते पण फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. आणि प्रत्येकाला उत्तर आलं की दुसरी जोडणी चालू आहे, नंतर प्रयत्न करा. त्यात डब्याच्या जोराचा माझा अंदाज चुकला होता. तो जिन्यावरून पार वर रस्त्यापर्यंत पोचत होता. टिफिन सेंटरचा मालक पिठाच्या हातानं खाली आला आणि ‘एवरंडी सुमेधा?’ म्हणून तेलुगूत विचारू लागला, म्हणजे ही सुमेधा कोण. त्याच्या मागून बसस्टॉपवरचा एक शेरवानीवाला म्हातारा. ‘मियाँ, मेरे फोन पे कोई बच्ची का नाम आरा, घर से भाग गई क्या?’ त्या बिचाऱ्याला खरोखर काळजी वाटत होती.

हॉलमध्ये गलका सुरू झाला तेव्हा हिम्मतरावांनी माइक हातात घेतला. त्यांच्या हातात माइक आला की पुढं काय होतं ते तुला आमच्या गृहप्रवेशापासून माहीत आहे. ते म्हणाले, शांत राहा, ज्यांना सुमेधा मिळत नाही त्यांनी थोडा धीर धरावा, सुमेधा सध्या एकाला जोडलेली आहे, तिथून सुटली की सगळ्यांना मिळेल. नेमकी त्याच क्षणी सुमेधा आईला सोडायला जिन्यावरून खाली येत होती. कानात घालायचं ते गाण्याचं बटण जोडायला फोन हातातच धरला होता. (मी तिचा चेहरा पाहिला, आक्का. तिनं फोनकडे पाहिलं, मग हिम्मतरावांकडे, मग सगळा हॉल सोडून थेट माझ्याकडे. ती चिडली असती तर मला चाललं असतं. ती लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ओळ विसरली होती, तेव्हा अशीच उभी राहिली होती. तेव्हा मी उठून तिच्याजवळ गेलो होतो. ह्या वेळी मी टॉवेलवर बसून राहिलो.) ती वळली आणि वर निघून गेली.

पण तुझा भाऊ डगमगला नाही. मी कपाट उघडलं, लॅपटॉप काढला आणि सात मिनिटांत दोष शोधून काढला. एकूण जोडण्या एक पैकी एक. जोडलेला फोन: श्रीपती. शनिवारी ट्रायल घेतली तेव्हा जोडलेला माझाच फोन, तो तसाच राहिला होता. घरी गेलो तेव्हा सुटला असेल, पण सकाळी सगळ्यांच्या आधी हॉलवर मीच आलो आणि तो आपसूक परत जाऊन चिकटला. माझ्या सदऱ्याच्या खिशात बसून सुमेधाशी जोडलेला, आणि बाहेर एकशे साठ माणसं ताटकळत उभी. (म्हणजे मी मुलीचं नाव गावभर लावलं, आणि तिच्याजवळ यायची जागा मात्र स्वतःच अडवून बसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हिम्मतरावांना ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच सांगितलं.)

नंतर जे घडलं ते मात्र तिनं तुला सांगितलेलं नसणार, कारण ती तिथं नव्हती. मी नाव बदलून ‘काचीगुडा हॉल’ केलं, वर्णन पुसलं, जोर कमी केला, एकाच्या जागी सात लिहिले आणि चार आकडी पिन फळ्यावर लिहून ठेवला. मग सात-सात जणांच्या चिठ्ठ्या पाडल्या. सात जण जोडायचे, प्रोफाइल उतरवून घ्यायची, सुटायचे, पुढचे सात. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांच्या फोनवर एकेचाळीस प्रोफाइल पोचली होती. एकही माणूस इडली खायला वर गेला नाही! तीन घरांत बोलणी सुरू आहेत. हर्षद नावाचा एक इंजिनियर, त्या नऊपैकीच, माझ्याजवळ येऊन म्हणाला, अंकल, हे तुम्ही कसं केलं ते लिहून द्या. दिलसुखनगरच्या मंडळाचा काल फोन आला, त्यांनाही असाच डबा घ्यायचाय आणि सेटिंगला मीच हवा. हिम्मतरावांनी मला ‘नेटवर्क प्रमुख’ असं पद देऊन शाल पांघरली आणि टाळ्या थांबेनात. वायरमन नाही, प्रमुख. दाजींना हे वाक्य जरा मोठ्यानं वाचून दाखव. (शाल घेऊन घरी आलो तर दाखवायला कुणी नव्हतं. विठाबाई होती, पण ती म्हणाली, खुर्चीवर ठेवा. सुमेधाच्या खोलीचं दार आतून बंद होतं, आणि मंगळवारी सकाळी ती नांदेडच्या गाडीत बसली तेव्हा मी स्टेशनवर गेलो नाही. घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे.)

तर एकूण असा प्रकार आहे. यंत्र नवं, शब्द दुटप्पी, आणि हेतू चांगला. डब्यातून तिचं नाव मी त्याच दिवशी काढलं, आणि ज्यांच्या फोनवर राहिलं असेल त्यांनाही घरोघरी जाऊन काढायला लावतोय. एकशे साठपैकी एकशे बावीस झाले. शेरवानीवाल्या म्हाताऱ्याचा पत्ता लागला, टिफिनवाल्याचं तर मी स्वतः पुसलं. उरलेले अडतीस बुधवारच्या आत होतील. (माझ्या फोनात मात्र अजून आहे. ‘सुमेधा, जोडलेले नाही’ असं दिसतं. खाली ‘विसरा’ असं बटण आहे. ते माझ्यानं दाबवत नाही.)

सगळ्यांना आशीर्वाद आणि जय भीम. गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाऊ,
श्रीपती
(नेटवर्क प्रमुख)

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. सुमेधाला मराठी बोलता येतं, पण वाचायला दिलं की ती एकेक अक्षर जुळवत बसते आणि दुसऱ्या ओळीला पान बाजूला ठेवते. ही चूक हैदराबादच्या शाळेची आहे, माझी नाही. म्हणून सोमवारी पत्र पोचलं की जेवणं झाल्यावर तिला समोर बसवून हे सगळं तूच वाचून दाखव. शालीचा भाग सावकाश वाच. कंसातला मजकूर तेवढा गाळ, तो आपल्या भावा-बहिणीतला आहे.

ता. क. दुसरा. शनिवार सकाळ. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. विठाबाईनं पत्र वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाली, इतकी पानं लिहिलीत, ह्यात पोरीची माफी कुठं मागितलीत? मी म्हणालो, आहे की, नीट बघ. तिनं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, दाखवा. मी शोधत बसलो. आक्का, होती, पण जेवढी होती तेवढी सगळी कंसात. म्हणून आता उलटं कर. दाजींच्या तंबाखूचा कंस आणि सहीखालचं माझं पद तेवढं सोड, आणि बाकी फक्त कंसातलं वाच. बाहेरचं वाचू नकोस. शाल पण नको. दिलसुखनगरला राहायचं असेल तर मी आडवा येणार नाही, सामान उचलून देईन, हेही सांग. आणि एक लिहायचं राहिलं होतं, ते सगळ्यात शेवटी वाच:

(सुमे, माझं चुकलं. तू नको म्हणाली होतीस आणि मी ऐकलं नाही. घरी ये.)